लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

मृग नक्षत्र लागले, की सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांची दाटी होते आणि लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांवरून पाऊस मावळात उतरतो. आषाढ लागेपर्यंत इंद्रायणी आणि पवना या नद्यांच्या खोऱ्यांतील भातखाचरे पाण्याने तुडुंब भरतात. मग चिखलणी सुरू होते. आज अनेक खाचरांत छोटी यंत्रे घरघरताना दिसतात. परंतु शेकडो वर्षे हे काम मावळातील बैलजोडीने आणि लाकडी नांगराने केले.

हा लाकडी नांगर आता पुष्कळ मुलांनी जवळून पाहिलेलाही नसेल. म्हणून त्याची थोडी ओळख करून घेऊ. जमिनीत शिरणारे जाड, पुढे निमुळते होत गेलेले लाकूड म्हणजे नांगराचे खोड. त्यात बसवलेला लांब दांडा म्हणजे हळस. तिचे दुसरे टोक बैलांच्या मानेवरील जुवाला बांधलेले असते. नांगर धरून दाबण्यासाठी मागे रुमणे असते. आणि खोडाच्या टोकाशी एक लोखंडी फाळ ठोकलेला असतो. म्हणजे ज्याला आपण लाकडी नांगर म्हणतो, त्याच्याही तोंडी बोटभर का होईना, लोखंड असतेच. बाकी सारे बाभळीसारखे एखादे चिवट लाकूड. ते तासून नांगर घडवून देणे हे गावच्या सुताराचे काम, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे. रोख पैशाचा प्रश्नच नव्हता. नांगर मोडला, तर सुताराच्या दारात नेऊन टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात उतरावे.

हा नांगर टाकाऊ होता, असे मात्र कोणी समजू नये. मावळातील खाचरे लहान, एकाखाली एक पायऱ्यांसारखी उतरत गेलेली. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना शेतकरी नांगर सरळ खांद्यावर टाकून बांध ओलांडतो. तेथे हलके लाकूडच हवे. शिवाय चिखलणीत माती खालीवर उलथायची नसते, ती पाण्यात कालवून लोण्यासारखी मऊ करायची असते. त्या कामाला लाकडी नांगर पुरेसा पडतो.

परंतु घाटमाथ्यापासून पूर्वेकडे जसजसे जावे, तसतशी जमीन बदलते, पाऊस कमी होतो आणि नांगराची कसोटी लागते. देशावरची ती काळीभोर, चिकट जमीन उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते. तिच्यात हरळी आणि कुंदा ही तणे खोलवर मुळे धरून बसतात. अशा जमिनीत शिरायचे म्हणजे नांगर जड हवा आणि तो ओढायला सहासहा, आठआठ बैल हवेत. एवढे बैल एका शेतकऱ्याच्या दावणीला कोठून असणार? मग दोघे-तिघे शेजारी आपापल्या जोड्या एकत्र आणून इर्जिक करीत. इतके करूनही लाकडी नांगर माती फक्त फोडतो, तिची ढेकळे काढतो. ती उलटवीत नाही. दोन तासांच्या मध्ये जमिनीची कोरी पट्टी राहते, म्हणून आडवी-उभी अशी दोनदा नांगरट करावी लागते. तणाची मुळे मातीतच राहतात आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवी होतात.

या काळ्या जमिनीसाठी आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून घडलेला लोखंडी नांगर ज्यांनी तयार केला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकीकत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव बेळगाव जिल्ह्यातील. तो जिल्हा सांप्रत कर्नाटक राज्यात आहे. संगीत नाटकांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने चांगले शिकावे, सुखाची नोकरी धरावी, अशी त्या काळच्या कोणत्याही बापाची असे, तशीच त्यांचीही इच्छा होती. पण लक्ष्मणाचे चित्त शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढणे आणि दुसरी यंत्रे. अशा मुलाला आपण वाया गेलेला म्हणून मोकळे होतो. सुदैवाने लक्ष्मणाचे थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सगळे रामूअण्णा म्हणत, त्यांना धाकट्या भावाच्या हातांतील गुण दिसला होता. त्यांच्या पाठिंब्यामुळे १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे चित्रकलेचा अभ्यास बरा चालला आणि मग एक विलक्षण अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधील फरक नीट कळत नाही, असे ध्यानात आले. हा डोळ्यांतील जन्मजात दोष. त्याला औषध नाही. ज्याला रंगच ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? अठरा वर्षांच्या तरुणाला हा घाव मोठा होता. घरच्यांचा विरोध पत्करून धरलेली वाट मध्येच बंद झाली होती. पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी रंगचित्रे सोडली आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शास्त्र पक्के केले. यंत्राचा प्रत्येक भाग किती लांब, किती जाड, कोणत्या कोनात बसतो, हे कागदावर अचूक उतरविण्याची ती विद्या. तिच्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. आज ही संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षक म्हणून लक्ष्मणराव शिकवीत कमी आणि शिकत अधिक, असे म्हटले तरी चालेल. संस्थेच्या कर्मशाळेत वाफेचे इंजिन होते, चरक होते, लेथ होते. वर्ग सुटल्यावर ते तेथे हातात अवजार घेऊन काम करीत. यंत्रविषयक इंग्रजी पुस्तके आणि अमेरिकेतील मासिके मिळवून वाचीत. जो मुलगा शाळेच्या पुस्तकांना कंटाळला होता, तो आता पगारातील पैसे वाचवून पुस्तके घेत होता!

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर बायसिकल नावाचे नवे वाहन दिसू लागले. लक्ष्मणरावांनी त्यातील संधी ओळखली. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकीत; विकत घेणाऱ्यास ती चालवायलाही शिकवीत. १८८८ साली ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचे हे दुकान सुरू झाले. पुढे जो मोठा उद्योग उभा राहिला, त्याचा पाया हा असा दुचाकीवरचा होता.

नोकरीत असताना एक प्रसंग घडला. वरच्या जागेवर लक्ष्मणरावांचा हक्क होता. काम त्यांना उत्तम येत होते. पण राज्य परक्यांचे होते. ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी तंटा केला नाही, अर्ज-विनंत्याही केल्या नाहीत. नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावी भावाकडे निघून आले. घरात मिळकत नाही, दुकान लहान, आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आता बंद. त्या दिवसांत सुशिक्षित माणसाने सरकारी पगाराची नोकरी सोडून हात काळे करण्याचा धंदा पत्करावा, हे लोकांना वेडेपणाचे वाटत असे.

बेळगावी दोघा बंधूंनी लहानसा कारखाना थाटला. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. अख्खा कडबा गुरांपुढे टाकला, तर ती पाला खातात आणि जाड ताटे तुडवून वाया घालवितात. बारीक कापून दिला तर सगळा खाल्ला जातो. यंत्र उपयोगी होते. त्यातून लक्ष्मणरावांचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले आणि अवजारांत पहिले म्हणजे नांगर.

परदेशांतील लोखंडी नांगर तेव्हा थोडे-फार इकडे येत. त्यांची घडण पाहून १९०३ साली किर्लोस्करांनी आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. त्याचे मर्म काय होते, ते आपण पाहू. लोखंडी नांगर म्हणजे लाकडी नांगराचीच लोखंडात केलेली नक्कल नव्हे. त्याचा फाळ जमीन आडवी कापतो आणि फाळाच्या मागे जी पिळदार, वाकडी फळी असते, ती कापलेली पट्टी उचलून कुशीवर वळविते व पालथी घालते. खालची माती वर येते, वरचे तण खाली गाडले जाते आणि कुजून त्याचे खत होते. मध्ये कोरी पट्टी राहत नाही. अशी वळणदार फळी लाकडात कोरता येईलही, पण घासणाऱ्या मातीपुढे ती किती दिवस टिकणार? उलट लोखंड एकदा साच्यात ओतले, की एकासारखे एक शंभर नग निघतात. पहिल्याचा फाळ झिजला, तर दुसऱ्याचा त्याला बसतो.

फाळ हा तर नांगराचा प्राणच. तो मऊ असला, तर चार दिवसांत बोथट होतो आणि फार कडक असला, तर दगडावर आपटून तुटतो. या कोड्याचे उत्तर इंग्लंडमधील इप्सविच गावच्या रॉबर्ट रॅन्सम नावाच्या ओतकाम करणाऱ्याने शंभर वर्षे आधी, १८०३ साली शोधले होते. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात हळूहळू निवते. पण साच्याचा एक भाग लोखंडी पृष्ठाचा ठेवला, तर तेथे ते एकदम थंड होऊन अतिशय कठीण बनते. रॅन्समने फाळाची खालची बाजू अशी कठीण केली आणि वरची तशीच मऊ ठेवली. चालता चालता वरची बाजू आधी झिजे, खालची टिकून राही आणि फाळाला आपोआप धार येई. निसर्गानेही उंदराच्या दातांत हीच युक्ती वापरली आहे. लोखंडी नांगर करणाऱ्याला ही ओतकामाची विद्या हस्तगत करावी लागते. नुसती आकृती पाहून नांगर होत नाही.

नांगर झाला, पण तो घ्यायला कोणी येईना. शेतकऱ्यांत अशी समजूत पसरली होती, की लोखंड हे जमिनीला विष आहे. लोखंडी नांगर फिरवला, की भुई नासते. महिने गेले, वर्ष गेले. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली! दुकानाचा पैसा त्या लोखंडात अडकून पडला होता. कारखान्यातील माणसांना मजुरी तर दर आठवड्याला द्यावीच लागे.

या समजुतीला हसणे सोपे आहे. पण असा भ्रम आपल्याच शेतकऱ्याला झाला होता, असे नाही. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या गृहस्थाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचा हक्क नोंदविला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही हेच म्हटले, की लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते. आणि थोडा विचार केला तर दिसून येईल, की गरीब शेतकऱ्याच्या या भीतीच्या तळाशी शहाणपणही होते. नोकरदाराचा एक प्रयोग फसला, तर त्याचे दहा रुपये जातात. शेतकऱ्याचा फसला, तर वर्षाचे पीक जाते आणि त्याबरोबर घरातील माणसांच्या तोंडचा घास जातो. लाकडी नांगर त्याच्या बापाने, आजाने वापरलेला. तो बलुत्यात मिळे. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत. लाकडी मोडला तर सुतार दाराशी होता. लोखंडी मोडला तर बेळगाव गाठायचे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष दिला नाही. एखाद्याने नांगर घेऊन पाहिला, त्याच्या रानातील कुंदा निघाला, ज्वारी दाणेदार आली, की बांधापलीकडचा शेजारी आपोआप चौकशीला येईल, हे त्यांना कळत होते. त्यांनी सुटे भाग सहज मिळतील अशी व्यवस्था केली आणि नांगरात सुधारणा करीत राहिले. जमिनीनेच शेवटी साक्ष दिली. हळूहळू नांगर खपू लागले.

येथे थोडे विषयांतर करून दूरदेशीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण लाकूड आणि मनुष्याने घडविलेले नवे द्रव्य यांची स्पर्धा नांगरापुरतीच नाही. थंड देशांत लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. त्या शतकानुशतके लाकडाच्याच होत्या. अमेरिकेतील हॉवर्ड हेड नावाच्या, विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या अभियंत्याला १९४७ साली त्या जड आणि ओबडधोबड वाटल्या. त्याने विमानाच्या पंखासारखी रचना केली. वरखाली अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मधल्या गाभ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लॅस्टिकची जाळी. पहिले सहा जोड त्याने बर्फावरील शिक्षकांना दिले आणि एकामागून एक सहाही मोडले. हेडने पुन्हा पुन्हा नवे जोड केले. १९५० च्या सुमारास जो जोड अखेर टिकला, त्यात बाहेरून अॅल्युमिनियम, कडेला पोलादाची धार आणि आत गाभा होता लाकडी थरांचा! प्लॅस्टिक बाजूला होऊन लाकूड परत आत आले. धक्का सोसून पूर्ववत होण्याचा लाकडाचा गुण त्याला दुसऱ्या कशात सापडला नव्हता. पुढे काचतंतूंचे आणि कृत्रिम फेसाचे गाभेही आले. तरी चांगल्या स्कीच्या पोटात आजही पुष्कळदा लाकूडच असते. काळ्या रानात लोखंडाने लाकडाला हटविले, मावळच्या चिखलात लाकूड टिकले आणि बर्फावर दोघांनी संगनमत केले. कोठे काय चालेल, हे पायाखालची भूमी ठरविते.

आता पुन्हा बेळगावकडे वळू. धंदा मार्गी लागतो न लागतो, तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा गावाच्या वाढीसाठी मागितली. बांधलेले छप्पर, बसवलेली यंत्रे, भट्ट्या, सगळे उचलून न्यायचे, पण कोठे? हातात पैसा नव्हता. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका बांधकामाचे काम पाहत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे गुणांचे चाहते आणि स्वतः उत्तम चित्रकार. एका चित्रकाराने दुसऱ्याची अडचण जाणली, असे म्हणायला हरकत नाही. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन कारखान्यासाठी दिली.

जमीन म्हणजे काय, तर ओसाड माळ. जिकडेतिकडे निवडुंगाची राने आणि त्यांत नागांची वस्ती. पाणी दुर्मीळ, सावली नाही, जवळ बाजार नाही. अशा जागी १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. पंचवीस कामगार आपली बायकामुले घेऊन लक्ष्मणरावांबरोबर तेथे राहायला आले. एखाद्या धन्यामागून माणसे निवडुंगात राहायला येतात, याचा अर्थ तो नुसता मजुरी देणारा धनी नसला पाहिजे. त्यांनी निवडुंग तोडले, साप मारले, झोपड्या बांधल्या आणि भट्ट्या पेटविल्या.

ते दिवस स्वदेशीच्या उत्साहाचे होते. आपल्या मावळातही त्याच्या खुणा आहेत. तळेगाव दाभाडे येथे लोकांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. लोणावळ्यास टाटांनी पावसाचे पाणी अडवून वीज करण्याच्या योजनेचा पाया १९११ साली घातला आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज पोहोचू लागली. टाटांपाशी भांडवल होते, पैसा फंडापाशी हजारो वर्गणीदार होते; किर्लोस्करांपाशी एक कर्ज, एक माळ आणि पंचवीस माणसे होती.

या माणसांविषयी सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. रामूअण्णा वसाहतीची सारी व्यवस्था पाहत. घरे, रस्ते, झाडे, पाणी हा त्यांचा प्रांत. शंभोराव जांभेकर यंत्रशाळा सांभाळीत. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. पण त्यांच्या डोक्यात नवनव्या यंत्रांच्या कल्पना खेळत आणि त्या हातांत उतरत. लक्ष्मणराव माणसाची परीक्षा त्याच्या प्रशस्तिपत्रावरून करीत नसत. आपण स्वतः कोणत्या परीक्षा दिल्या होत्या, हे ते विसरले नसावेत! गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि त्या पहारेकऱ्यांनी वाडीची राखण इमानाने केली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. १९१० सालच्या महाराष्ट्रात ही सोपी गोष्ट नव्हती. नातेवाइकांची आणि जातभाईंची नाराजी त्यासाठी सोसावी लागे.

काही वर्षांत माळाचे रूप पालटले. निवडुंगाच्या जागी बागा आल्या, शाळा आली, टपाल आले. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप असे किती तरी नग तयार होऊ लागले. पूर्वी गुऱ्हाळात लाकडी घाण्यात ऊस पिळत. त्यात रस पुष्कळ चिपाडातच राही. लोखंडी चरकाने तो अधिक निघू लागला. म्हणजे नांगराने शेतात जे केले, तेच चरकाने गुऱ्हाळात केले. १९२० साली किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्रक सुरू केले. गिऱ्हाइकांना नांगरांची आणि यंत्रांची माहिती द्यावी, एवढाच आरंभी हेतू होता. त्या पत्रकाचेच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील नामांकित मासिक झाले. नांगराच्या तासातून साहित्याचे पीक आले, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत जाऊन यंत्रशास्त्र शिकून आले. वडिलांनी जे हातोडीने आणि अनुभवाने मिळविले, ते मुलाने शास्त्राच्या आधाराने वाढविले. १९२६ साली किर्लोस्करवाडीस विहिरीचे पाणी वेगाने वर फेकणारा फिरत्या पात्यांचा पंप तयार झाला. तो या देशात तयार झालेला तशा प्रकारचा पहिला पंप मानतात.

पण उद्योगाची वाट कधी सरळ नसते. १९३० नंतर साऱ्या जगात मंदी आली. धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले. ज्याच्या मालालाच भाव नाही, तो शेतकरी नवा नांगर कोठून घेणार? नांगरांचे ढीग कारखान्यात पडून राहिले. १९०३ साली शेतकऱ्याला नांगराचा भरवसा नव्हता म्हणून तो पडून होता. आता भरवसा होता, पण खिशात पैसा नव्हता. लक्ष्मणरावांनी माणसे काढून टाकण्याऐवजी कारखान्याला दुसरे काम शोधले. लोखंडी खुर्च्या, टेबले, पलंग असे सामान किर्लोस्करवाडीस होऊ लागले. आतापर्यंत घरातील ही सर्व कामे सुताराची होती. लोखंड आता रानातून घरात शिरले.

पुढे उद्योगाच्या शाखा पसरल्या. हरिहर येथे १९४१ साली यंत्रे बनविणारी यंत्रे होऊ लागली; १९४६ साली बंगळूर येथे विजेच्या मोटारी आणि पुण्यास तेलावर चालणारी इंजिने बनविण्यासाठी कारखाने निघाले. त्या इंजिनांनी आणि पंपांनी महाराष्ट्रातील हजारो विहिरींवरची मोट बंद केली. ही मोटही चामड्याची आणि तिचा सरंजाम लाकडाचाच असे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लक्ष्मणराव तोपर्यंत वृद्ध झाले होते. कारभार त्यांनी तरुण मंडळींच्या हाती सोपविला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी, म्हणजे २० जून १९६९ रोजी, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे आणि तेथील कारखान्यात पंप तयार होतात. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाताना ते स्टेशन लागते. त्याचे कुंडल रोड हे नाव केव्हाच मागे पडले. फलाटावरील पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.